वाचकांचे प्रश्न : अमेरिकेतील वर्णभेद, कायद्याआधीचा आणि कायद्यानंतरचा

मागील अंकात अमेरिकेतील नागरी हक्कांच्या चळवळीवर लेख प्रसिद्ध झाला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रे लांब होती, त्यामुळे मुद्दा तेवढा ठेवून बाकीचा मजकूर गाळला आहे.

प्रश्न : अमेरिकेत गुलामगिरी १८६५ मध्ये संपली आणि १९६४ मध्ये सार्वजनिक ठिकाणचा भेदभाव बेकायदा ठरला. म्हणजे आज पन्नाशीत असलेला कृष्णवर्णीय माणूससुद्धा समान कायद्याखालीच जन्मला आहे. तरीही विषमता एवढी का? दोष अंमलबजावणीचा मानावा की मनोवृत्तीचा? — एक निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर : यादवी युद्धानंतर अमेरिकेच्या राज्यघटनेत तीन दुरुस्त्या झाल्या. १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी रद्द केली, १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने नागरिकत्व आणि कायद्याचे समान संरक्षण दिले आणि १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने वर्णावरून मताधिकार नाकारण्यास मनाई केली. कागदोपत्री मागण्यासारखे फारसे काही उरले नव्हते. मात्र १८७७ मध्ये दक्षिणेतील राज्यांतून केंद्राचे सैन्य माघारी गेले आणि त्या राज्यांनी एकेक हक्क हळूहळू काढून घेतला. मतदानासाठी कर बसवला, वाचन-लेखनाची परीक्षा ठेवली आणि ज्याचा बाप किंवा आजोबा पूर्वी मतदार होता त्याला अशा अटींतून सूट दिली. ज्याचा आजोबा गुलाम होता त्याला ही सूट मिळण्याचा प्रश्नच नव्हता, आणि हे सगळे करताना कायद्याच्या मसुद्यात वर्णाचा उल्लेखही करावा लागला नाही. १८९६ मध्ये प्लेसी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेचे डबे ‘वेगळे पण समान’ असतील तर हरकत नाही असा निर्वाळा दिला आणि पुढे शाळा, दवाखाने, पाण्याचे नळ, सगळीकडे ही वाटणी रूढ झाली.

आपला खरा रोख मात्र १९६४ नंतरच्या काळावर आहे, आणि त्याचे उत्तर माझ्या मते घराच्या खरेदीखतात सापडते. मनोवृत्तीबद्दल आपण पुष्कळ बोलतो. गृहकर्जाच्या कागदांबद्दल फार कमी बोलतो.

महामंदीत लाखो अमेरिकनांची घरे लिलावात निघू लागली, तेव्हा १९३३ मध्ये केंद्र सरकारने गहाण घरे वाचवण्यासाठी एक महामंडळ काढले. या महामंडळाने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे तयार करून घेतले आणि प्रत्येक वस्तीला हिरवा, निळा, पिवळा किंवा लाल रंग दिला. हिरवी वस्ती कर्जासाठी उत्तम, लाल वस्ती धोक्याची. पाहणी करणाऱ्याच्या छापील तक्त्यात घरांचे वय, भाडे, रहिवाशांचे उत्पन्न यांच्याबरोबरच वस्तीत निग्रो आहेत का आणि किती टक्के, याचा स्वतंत्र रकाना होता. शिवाय ‘शिरकाव’ कोणाचा होत आहे, हेही लिहायचे होते. कृष्णवर्णीयांची वस्ती बहुधा लालच रंगवली जाई. १९३४ मध्ये गृहकर्जाला सरकारी हमी देणारे खाते सुरू झाले. हमी असल्यामुळे बँका थोड्या बयाण्यावर, कमी व्याजाने आणि लांब मुदतीने कर्ज देऊ लागल्या, आणि अमेरिकेत नोकरदार माणूस घरमालक होऊ लागला तो मुख्यतः यामुळे. पण या खात्याच्या नियमपुस्तिकेत वस्तीत वंशांची सरमिसळ होऊ देऊ नये असे सांगितलेले होते आणि कृष्णवर्णीयांना घर न विकण्याची अट खरेदीखतात असणे ही चांगली गोष्ट मानलेली होती.

याचा परिणाम पाहायचा असेल तर डेट्रॉईट शहराच्या उत्तरेकडे, एट माईल रस्त्याजवळ जावे. तिथे १९४१ मध्ये एका बांधकाम व्यावसायिकाला गोऱ्या ग्राहकांसाठी घरे बांधायची होती. परंतु शेजारीच कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती असल्यामुळे त्याच्या घरांना कर्जाची हमी मिळेना. त्याने दोन्हींच्या मधोमध सुमारे अर्धा मैल लांबीची, सहा फूट उंच आणि एक फूट जाड भिंत बांधली आणि हमी मिळवली. ती भिंत आजही तिथे आहे. घरांच्या परसांमधून ती जाते आणि तिच्या काही भागावर आता मुलांनी व चित्रकारांनी रंगवलेली चित्रे आहेत. ही भिंत बांधणारा माणूस मनाने द्वेष्टा होता की नव्हता, हे माहीत करून घेण्याची गरजच पडत नाही. त्याने कर्जाचा नियम पाळला होता.

बँकेचे दार बंद झाल्यावर कृष्णवर्णीय कुटुंबे घर घेतच नव्हती असे नाही; ती अधिक महाग घेत होती. शिकागोत हप्त्यांच्या कराराने घरे विकण्याचा मोठा धंदा चाले. विकणारा गोऱ्या मालकाकडून घर स्वस्तात उचलायचा, जवळजवळ दुप्पट किमतीला कृष्णवर्णीय कुटुंबाला द्यायचा, आणि शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी आपल्याच नावावर ठेवायचा. एक हप्ता चुकला तरी घर आणि आधी भरलेले सगळे पैसे गेले, आणि तेच घर पुढच्या गिऱ्हाइकाला पुन्हा विकायला मोकळे. सांगलीत सावकारी पाहिलेल्या पिढीला यातली मेख समजावून सांगावी लागणार नाही.

दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना १९४४ च्या कायद्याने घर आणि शिक्षणासाठी मदत मिळाली. कायद्यात वर्णाचा उल्लेख नव्हता, पण कर्ज स्थानिक बँकेकडून घ्यायचे होते. मिसिसिपी राज्यात १९४७ पर्यंत हमी मिळालेल्या तीन हजारांहून अधिक कर्जांपैकी कृष्णवर्णीय सैनिकांच्या वाट्याला अवघी दोन आली. न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाऊन ही प्रचंड वसाहत १९४७ पासून उभी राहिली. सुमारे सतरा हजार घरे, किंमत आठ हजार डॉलरच्या आसपास, सैनिकांना बयाणाही लागत नव्हता. करारात मात्र गोऱ्यांखेरीज कोणालाही तिथे राहू देऊ नये, असे कलम होते.

घरविक्रीतील आणि गृहकर्जातील भेदभाव बेकायदा ठरला तो १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाल्यानंतर आठवड्याभरात. पण तोवर आठ हजारांची घरे कितीतरी पटींनी महाग झाली होती, आणि ज्यांना ती आठ हजारांत घेता आली नव्हती त्यांना ती आता बाजारभावाने घेण्याचा समान हक्क मिळाला. पुढच्या पिढीला कॉलेजात पाठवताना, धंदा सुरू करताना, मोठे आजारपण आल्यावर अमेरिकन मध्यमवर्ग जे तारण ठेवतो ते घरच असते. २०२२ च्या अमेरिकी मध्यवर्ती बँकेच्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यक (म्हणजे निम्मी कुटुंबे जिच्या वर आणि निम्मी खाली असतात ती) निव्वळ मालमत्ता सुमारे २ लाख ८५ हजार डॉलर आणि कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे ४५ हजार डॉलर आढळली.

शाळेचेही तेच. अमेरिकेत सरकारी शाळेच्या खर्चाचा मोठा भाग त्या भागातील घरपट्टीतून येतो. घरांच्या किमती पडलेल्या असतील तर शाळेची तिजोरीही रिकामी. १९५४ च्या ब्राऊन खटल्याने शाळांतील वेगळेपण घटनाबाह्य ठरवले, तेव्हा व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड परगण्याने गोरी-काळी मुले एकत्र बसवण्याऐवजी १९५९ ते १९६४ अशी पाच वर्षे सगळ्या सरकारी शाळाच बंद ठेवल्या. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली आणि कृष्णवर्णीय मुलांची पाच वर्षे गेली. ही उघड आडमुठेपणाची गोष्ट झाली. पण १९७४ मध्ये डेट्रॉईटच्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शहरातील शाळांचे एकत्रीकरण करताना भोवतालच्या उपनगरांतील शाळांना त्यात ओढता येणार नाही असा निकाल दिला, आणि तो मला अधिक दूरगामी वाटतो. नकाशावर आखलेली वस्तीची सीमा त्या दिवशी शाळेचीही सीमा झाली, आणि त्यासाठी कोणालाही मुलांना दारातून परत पाठवावे लागले नाही.

तेव्हा आपण विचारलेल्या दोन पर्यायांत मी तिसरा घालीन. १९६० च्या दशकातील कायद्यांनी पुढे भेदभाव करण्यास मनाई केली. आधीच्या भेदभावातून जे एका बाजूला साचले आणि दुसऱ्या बाजूला साचलेच नाही, त्याला त्यांनी हात लावला नाही.

प्रश्न : माझी मुलगी उच्च शिक्षणासाठी शिकागोला जात आहे. तिथल्या आपल्याच मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ‘साउथ साइडला घर घेऊ नको, काळ्यांपासून लांब राहा’ असे सल्ले येतात. हा सावधपणा समजावा की पूर्वग्रह? — एक आई, पुणे

उत्तर : ताई, सल्ल्याचे दोन तुकडे करा. कोणत्या रस्त्यावर रात्री उशिरा एकटीने चालू नये, कोणत्या स्टेशनावरून विद्यापीठाची बस मिळते, घरमालक अनामत परत करतो का, हे सगळे विचारायलाच हवे. त्याची माहिती विद्यापीठाचे सुरक्षा कार्यालय आणि तिथे आधीपासून राहणारे विद्यार्थी देतात. दुसरा तुकडा, माणसाच्या कातडीवरून अंतर राखण्याचा, सुरक्षिततेच्या कामाचा नाही. ज्या साउथ साइडची भीती घातली जाते त्याच भागात शिकागो विद्यापीठ आहे, आणि बराक ओबामा यांचे घरही. तो भाग खूप मोठा आहे आणि त्यात चांगले, मध्यम, वाईट असे सगळ्या तऱ्हेचे रस्ते आहेत.

साचेबंद समजुतीची अडचण अशी की ती बाळगणाऱ्याला ती स्वतःचा अनुभवच वाटते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन या अर्थतज्ज्ञांनी बोस्टन आणि शिकागोतील नोकरीच्या जाहिरातींना सुमारे पाच हजार अर्ज पाठवले. अर्जदार काल्पनिक होते आणि पात्रता सारखी ठेवली होती. फक्त काहींची नावे एमिली, ग्रेग अशी गोऱ्यांत आढळणारी आणि काहींची लकिशा, जमाल अशी कृष्णवर्णीयांत आढळणारी होती. गोऱ्या वाटणाऱ्या नावाला दहा अर्जांमागे एक बोलावणे आले, कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावाला पंधरा अर्जांमागे एक. त्या कंपन्यांतील माणसांना विचारले असते तर ‘आम्ही असे काही करत नाही’ हेच उत्तर बहुतेकांनी प्रामाणिकपणे दिले असते. डॉक्टरही यातून सुटलेले नाहीत. २०१६ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी गोरे वैद्यकीय विद्यार्थी आणि निवासी डॉक्टर यांना प्रश्न विचारले, तेव्हा जवळपास निम्म्यांनी कृष्णवर्णीयांच्या शरीराविषयीची किमान एक चुकीची समजूत खरी मानली. त्यांची कातडी जाड असते, ही त्यांपैकी एक. अशा समजुती बाळगणाऱ्यांनी कृष्णवर्णीय रुग्णाच्या वेदना कमी लेखल्या आणि उपचारही कमी योग्य सुचवले, असेही त्यात दिसले.

एक गोष्ट मुलीला स्पष्ट सांगा, कारण गटावर ती कोणी सांगणार नाही. आपली मुले कृष्णवर्णीयांसाठी ‘कल्लू’ हा शब्द बसमध्ये, वर्गात, दुकानाच्या रांगेत सर्रास वापरतात, समोरच्याला कळत नाही या भरवशावर. समोरच्याला सूर कळतो, नजर कळते, आणि भारतीय विद्यार्थ्यांबरोबर राहून शब्दही कळलेला असतो. विद्यापीठात अशा वागणुकीची रीतसर तक्रार करता येते. आपल्या मुलीवर तशी वेळ आली, म्हणजे तिच्या उच्चारावरून किंवा रंगावरून कोणी काही बोलले, तर तिनेही ते कार्यालय वापरावे. पहिल्या आठवड्यातच त्याचा पत्ता शोधून ठेवावा.

प्रश्न : जॉर्ज फ्लॉइड प्रकरणानंतर एवढा उठाव झाला. त्यातून काही बदलले का? — एक वाचक, पणजी

उत्तर : काही बदलले, पुष्कळसे तसेच राहिले. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिसमध्ये एका गोऱ्या पोलिसाने नऊ मिनिटांहून अधिक काळ जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय इसमाच्या मानेवर गुडघा दाबून ठेवला. त्या रात्री पोलिसांनी काढलेल्या पत्रकाचे शीर्षक ‘पोलिसांशी संपर्क आला असताना वैद्यकीय घटनेनंतर इसमाचा मृत्यू’ अशा अर्थाचे होते. फुटपाथवर उभ्या असलेल्या सतरा वर्षांच्या मुलीने मोबाइलवर चित्रीकरण केले नसते तर कागदोपत्री तेवढेच उरले असते. त्या पोलिसाला पुढे खुनाबद्दल शिक्षा झाली, आणि अनेक राज्यांनी व शहरांनी गळा आवळण्याच्या पकडीवर बंदी घातली. केंद्रीय कायद्याचे विधेयक मात्र प्रतिनिधिगृहात २०२१ मध्ये मंजूर होऊन सिनेटमध्ये अडकले. आपल्याकडे एका राज्याला एक पोलीस दल असते. अमेरिकेत शहराचे, परगण्याचे, राज्याचे अशी सुमारे अठरा हजार स्वतंत्र पोलीस दले आहेत, आणि एकाने नियम बदलला म्हणून शेजारच्याने बदलावा असे बंधन नाही. कृष्णवर्णीय आईबाप मुलगा वयात आला की त्याला आजही बसवून सांगतात : पोलिसाने गाडी थांबवली तर दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेव, कागद काढण्याआधी ‘काढतो’ म्हणून सांग, वाद घालू नकोस.

प्रश्न : आम्ही दोन बॅगा घेऊन आलो. ओळखपाळख नव्हती, रंग आमचाही गोरा नाही. कष्ट केले, मुलांना शिकवले, घर घेतले. मग तीनशे-चारशे वर्षे इथेच असलेल्यांना ते का जमू नये? वर्णभेदाचे कारण पुढे करणे हा आळसाचा बचाव नाही का? — एक मराठी अभियंता, न्यू जर्सी

उत्तर : आपले कष्ट खरे आहेत आणि ते कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. पण त्या बॅगांमध्ये काय होते हेही पाहायला हवे. भारतात सरकारी खर्चाने बऱ्याच अंशी स्वस्त झालेली अभियांत्रिकीची पदवी होती, इंग्रजी होते, आणि ज्या व्हिसाच्या चाळणीतून आपण आलात ती चाळणी शिक्षित माणूसच निवडते. अमेरिकेतील भारतीय वंशाच्या प्रौढांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पदवीधर आहेत. भारतात हे प्रमाण याच्या जवळपासही नाही. निवडून आणलेल्या गटाची तुलना संपूर्ण समाजाशी केली की कोणताही समाज मागासच दिसेल. मराठवाड्यातील सगळ्या शेतकऱ्यांची तुलना न्यू जर्सीतील महाराष्ट्र मंडळाच्या सभासदांशी करून आपण मराठवाड्याला आळशी म्हणणार नाही.

आणि दार उघडले कोणी, हा त्याहून मोठा प्रश्न आहे. १९१७ च्या कायद्याने भारतासह आशियाच्या मोठ्या पट्ट्यातून अमेरिकेत येण्यास बंदी होती. आधीच आलेल्यांपैकी भगतसिंग थिंद यांनी पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केली होती. त्यांचा नागरिकत्वाचा दावा १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. बाहेरून आलेल्यांपैकी नागरिकत्व तेव्हा ‘गोऱ्या’ किंवा आफ्रिकी वंशाच्या व्यक्तीलाच मिळे, म्हणून उच्चजातीय हिंदू हा वंशाने गोराच आहे, आणि अमेरिकन माणूस जसा निग्रोकडे पाहतो तसा तो आपल्याकडील आदिवासींशी विवाहसंबंधाकडे पाहतो, असा युक्तिवाद त्यांच्या बाजूने करण्यात आला. न्यायालयाने तो फेटाळला. वंशशास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात हा बसत नाही, असे न्यायमूर्तींचे म्हणणे पडले, आणि आधी नागरिक झालेल्या अनेक भारतीयांचेही नागरिकत्व काढून घेतले गेले. दुसऱ्याला खाली ढकलून आपण वर चढू, हा हिशेब आपल्या लोकांनी अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी एकदा करून पाहिला आहे. १९४६ मध्ये नियम सैल झाला तेव्हा भारताच्या वाट्याला वर्षाला शंभर माणसांचा कोटा आला.

हा कोटा १९६५ मध्ये रद्द झाला. त्या वर्षी ७ मार्चला अलाबामा राज्यातील सेल्मा गावाच्या पुलावर मताधिकारासाठी निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि जॉन लुईस या तरुण कार्यकर्त्याची कवटी फुटली. ६ ऑगस्टला मताधिकाराचा कायदा झाला. आणि ३ ऑक्टोबरला त्याच काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) संमत केलेल्या, देशावरून माणसांचा कोटा ठरवण्याची पद्धत मोडणाऱ्या स्थलांतर कायद्यावर अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या पायथ्याशी सही केली. वंशावरून नागरिकांत फरक करणे चूक असेल तर वंशावरून स्थलांतरितांत फरक करणे बरोबर कसे, हा प्रश्न त्या चळवळीमुळेच टाळता येईनासा झाला. १९६० मध्ये अमेरिकेत भारतात जन्मलेले जेमतेम बारा हजार लोक होते. आज भारतीय वंशाची लोकसंख्या पन्नास लाखांच्या आसपास आहे.

आशियाई लोक बघा कसे तक्रार न करता पुढे गेले, ही प्रतिमा अमेरिकेत रूढ झाली तीही याच सुमारास. १९६६ मध्ये एका मोठ्या वृत्तपत्राच्या पुरवणीत जपानी-अमेरिकनांच्या यशाची कहाणी छापून आली आणि इतर अल्पसंख्याकांशी त्यांची तुलना झाली. हेच जपानी-अमेरिकन चोवीस वर्षांपूर्वी, १९४२ मध्ये, सुमारे १ लाख २० हजारांच्या संख्येने तारेच्या कुंपणाआड छावण्यांत डांबले गेले होते. आदर्श ठरवले जाण्याला जामीन नसतो. आपल्याच राज्यात, न्यू जर्सीत, १९८७ मध्ये भारतीयांना शहरातून हाकलून देण्याची धमकी देणारे पत्र जर्सी सिटीच्या स्थानिक वर्तमानपत्राकडे आले होते. पत्र लिहिणाऱ्यांनी भारतीय बायकांच्या कपाळावरच्या टिकलीवरूनच स्वतःचे नाव ठेवले होते. त्या काळात भारतीयांवर हल्ले झाले आणि होबोकेनमध्ये एका भारतीय तरुणाला मारहाण करून ठार करण्यात आले. हल्लेखोरांनी कोणाची पदवी विचारली नव्हती.

आणखी एक प्रश्न आपण विचारला नाही, तरी तो याच पत्राच्या पोटात आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत सिॲटल शहराने जातीवरून भेदभाव करण्यावर बंदी घातली. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर. ठराव मांडणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या आणि मुंबईत वाढलेल्या. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात तशाच स्वरूपाचे विधेयक विधिमंडळात मंजूर झाले, पण गव्हर्नरांनी ते परत पाठवले. या विधेयकाला कडाडून विरोध करणाऱ्यांत भारतीय वंशाच्या संघटना होत्या, आणि पाठिंबा देणाऱ्यांतही. बॅगेत जातही गेली असेल, तर वर्णभेद म्हणजे आळसाचा बचाव हे वाक्य आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात शेजारच्या खुर्चीवर बसलेला माणूस कसे ऐकेल, याचाही विचार व्हावा.

प्रश्न : अमेरिकेतही आरक्षण होते आणि न्यायालयाने ते बंद केले असे वाचले. ते आपल्यासारखेच होते का? — एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : नव्हते. आपल्या राज्यघटनेत मागासवर्गीयांसाठी विशेष तरतुदीची स्पष्ट परवानगी आहे. कलम १६ (४) मूळचेच आहे आणि १५ (४) हे १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आले. अमेरिकेच्या घटनेत अशी परवानगी नाही, फक्त समान संरक्षणाची हमी आहे. १९७८ च्या बाके खटल्यात ठराविक जागा राखून ठेवणे घटनाबाह्य ठरले. विद्यापीठांना अर्जदाराचा वंश इतर अनेक बाबींपैकी एक म्हणून पाहता येत होता, इतकेच. २९ जून २०२३ च्या निकालाने विद्यापीठ प्रवेशात तेही बंद केले. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकते माप देण्याची जी पद्धत अनेक खासगी विद्यापीठांत आहे, ती मात्र त्या निकालाने बंद झाली नाही.

प्रश्न : दलित पँथर हे नाव ब्लॅक पँथरवरून आले हे ठाऊक आहे. पण डॉ. आंबेडकरांचा कृष्णवर्णीय नेत्यांशी प्रत्यक्ष पत्रव्यवहार होता का? की ही नंतर रचलेली कथा? आणि जात व वंश यांची तुलना कितपत टिकते? — पदव्युत्तर विद्यार्थी, नांदेड

उत्तर : पत्रव्यवहार खरा आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती असलेले हार्लेम त्याला लागूनच आहे. १९४६ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय निग्रो काँग्रेसने संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचे कळल्यावर त्यांनी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस यांना पत्र लिहिले, त्या अर्जाच्या प्रती मागितल्या, आणि अस्पृश्यांची व निग्रोंची स्थिती इतकी सारखी आहे की दुसऱ्या प्रश्नाचा अभ्यास आवश्यकच ठरतो, अशा आशयाचे मत नोंदवले. अस्पृश्यही असा अर्ज करण्याच्या विचारात आहेत, हेही त्यांनी कळवले. डू बॉईस यांनी जुलैअखेर उत्तर पाठवले. आपण त्यांचे नाव ऐकून आहोत आणि अस्पृश्यांविषयी आपल्याला सहानुभूती आहे, असे त्यात म्हटले आहे.

हा धागा त्याहून जुना आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लुईझियानातील कोलफॅक्स गावी निवडणुकीच्या वादातून गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीने कित्येक कृष्णवर्णीयांची कत्तल केली, त्यांतले बरेचसे शरण आल्यानंतर, आणि १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषी ठरलेल्यांची शिक्षा रद्द केली. जोतीरावांनी ज्या अमेरिकेला नमस्कार केला ती अमेरिका अर्पणपत्रिकेची शाई वाळतानाच मागे फिरू लागली होती. अर्पणपत्रिकेचे मोल त्यामुळे कमी होत नाही. त्यांनी उदाहरण घेतले ते मुक्तीच्या कृतीचे.

१९६६ मध्ये ओकलंड येथे ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पक्ष काढला. बंदुका घेऊन पोलिसांवर नजर ठेवणारे म्हणून त्यांची ख्याती झाली, पण १९६९ पासून शाळकरी मुलांना सकाळची मोफत न्याहारी देण्याचे कामही त्यांनी केले, आणि ते शहरोशहरी पसरले. मुंबईत १९७२ मध्ये नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले प्रभृतींनी दलित पँथर उभी केली, तेव्हा अमेरिकेतील मूळ पक्ष फुटीने आणि पोलिसी कारवाईने खिळखिळा होत चालला होता.

तुलनेबद्दल माझे मत असे की विवाहबंदीच्या ठिकाणी ती घट्ट बसते. मिश्रविवाहाला बंदी करणारे कायदे अमेरिकेतील सोळा राज्यांत १९६७ पर्यंत टिकून होते. व्हर्जिनियातील लव्हिंग दांपत्याच्या खटल्याने ते गेले. आपल्याकडे तसा कायदा कधी लागलाच नाही, कारण घरातली माणसे पुरेशी होती. स्पर्शाच्या ठिकाणी मात्र तुलना तुटते. दक्षिणेतील गोऱ्या घरांत स्वयंपाक कृष्णवर्णीय बाई करी, तान्ह्या मुलाला तीच न्हाऊ घाली आणि झोपवी. तिने बसमध्ये गोऱ्यांच्या बाकावर बसायचे नाही, एवढे पुरे होते. आपल्याकडे चुलीपर्यंत जाणेच निषिद्ध होते. दुसरा फरक खरेदीविक्रीचा आहे : गुलाम हा मालकाच्या वहीत किंमत लावलेला माल होता, आणि त्या वह्या, लिलावाच्या जाहिराती, जहाजांच्या याद्या आज इतिहासकारांच्या हाती आहेत. अस्पृश्यतेची अशी वही कोणी ठेवली नाही, त्यामुळे अभ्यासकाला तोंडी साक्षी, आत्मकथने आणि गावठाणाची रचना यांवर अधिक विसंबावे लागते. प्रबंध लिहिणार असाल तर साधनांतला हा फरक पहिल्याच प्रकरणात मांडा. डू बॉईस यांची कागदपत्रे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील ग्रंथालयात आहेत आणि बाबासाहेबांचे पत्र त्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर मूळ स्वरूपात पाहता येते.